गॅरेजमधल्या घुशी

१२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. तू जिवंत आहेस हे कळलं, बरं वाटलं. बाबा गेल्यापासून तुझा आवाज नाही, अक्षर नाही, आणि आता एकदम चार टाइप केलेली पानं! त्यात माझा उल्लेख ‘सदर महिला’ असा आहे. या सदर महिलेने तुझा शेंबूड पुसलेला आहे, तुला शाळेच्या फाटकापर्यंत ओढत नेलेलं आहे, आणि बाबांच्या गाडीचा आरसा तू फोडलास तेव्हा ‘मांजराने फोडला’ असं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलेलं आहे. हे तुझ्या वकिलाला कळव. हवं तर पाचवं पान जोडू दे.

आता मुद्दा. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं गॅरेज अर्धं तुझं, अर्धं माझं, हे मला पाठ आहे. ते विकायचं असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, एवढी घाई कसली? गॅरेज कुठे पळून चाललं नाही. मी धंदा बंद केल्यापासून ते कुलपात आहे. आत आपली जुनी शिकवणीची गाडी, तीही इंजिन काढलेली, आणि रंग उडालेला एक फलक, एवढंच. तेव्हा कोणाला पाहायला पाठवू नकोस. पाहण्यासारखं काही नाही. शिवाय घुशी झाल्यात. संध्याकाळी चारच्या पुढे फार धिंगाणा घालतात. वर माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. बंदोबस्त चालू आहे.

मीही वकिलाचा सल्ला घेतलाय. माझ्या वकिलाचं मत असं की, वस्तू दोघांची असेल तर आधी दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि जो ओरडेल त्याची पाळी जाणार. माणूस अतिशय हुशार आहे. फी घेत नाही.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. तुझे अपूर्णांक पहिल्यापासून चांगले होते. खालचे आकडे वेगवेगळे असले तर बेरीज कशी करायची, ते अगदी सोप्या भाषेत लिहून पाठव. मला सहजच हवंय. दुसरं, तुझी बायको दवाखान्यात काम करते म्हणून विचारते. माणूस चावला तर इंजेक्शन घ्यावं लागतं का? लहानसा माणूस. आठेक वर्षांचा. हेही सहजच.

तुझी मोठी बहीण,
अर्थात सदर महिला


२ सप्टेंबर

धाकट्या,

या वेळी तुझ्या हातचं पत्र. एकच ओळ, पण तुझ्या हातची. ‘ताई, घुशींना अपूर्णांक कशाला लागतात?’

म्हणजे मी नको म्हटलं तरी तू गॅरेज पाहायला दलाल पाठवलासच तर. मला वाटलंच होतं. खिडकीच्या जाळीला नाक लावून एक माणूस उभा होता. नाकावर जाळीचे चौकोन उमटले होते. मी विचारलं, ‘काय पाहिजे?’ तर म्हणाला, ‘काही नाही, रस्ता चुकलो.’ गॅरेजच्या खिडकीतून कुठला रस्ता जातो, ते त्यालाच ठाऊक.

बरं, आता लपवण्यात अर्थ नाही. ऐक.

माझ्याकडे शेवटी शेवटी एक मुलगी गाडी शिकायला यायची. गळ्यात कायम शिट्टी. ती शिट्टी तिने कधी वाजवलेली मी ऐकली नाही, पण नाव पडलं शिट्टीताई. गाडी पुढे बरी नेते. मागे घ्यायची म्हटलं की डोळे मिटते. मी तीस वर्षं लोकांना शिकवलं, भित्रे पाहिले, माजोरडे पाहिले, पण मिटल्या डोळ्यांनी गाडी मागे घेणारी ही पहिलीच. ती एका संस्थेत आहे. शाळा सुटल्यावर ज्या मुलांच्या घरी कोणी नसतं, किंवा जे असतं ते नसलेलं बरं, अशा मुलांना ती संध्याकाळी सांभाळते. खाऊ, अभ्यास, खेळ, आणि कोणाला रडायचं असेल तर त्याची सोय. शाळेने त्यांना एक खोली दिली होती. ती अचानक काढून घेतली. शिट्टीताई माझ्या दारात उभी. ‘आजी, गॅरेज आठवडाभर द्याल का?’

आधी तर मला आजी म्हटल्याचा राग आला. त्या रागात मी ‘हो’ म्हणून गेले. तो आठवडा अजून चालू आहे.

मी फक्त किल्ली द्यायला खाली जात होते. मग काही मोडतोड होते का ते पाहायला जाऊ लागले. मग पाय दुखतात म्हणून एक खुर्ची नेली. आता त्या खुर्चीसमोर रांग लागते. कारण काय, तर मी पाढे न चुकता ऐकते आणि केळं सोलून देते.

तू म्हणशील, तुझा वकील काय झोपला होता? नाही. तो समोर बसून उकडलेलं अंडं खात होता. माझा वकील दहा वर्षांचा आहे. सगळे त्याला वकीलच म्हणतात, कारण तो कुठलीही गोष्ट विनातक्रार करत नाही. ‘हात धू’ म्हटलं तर म्हणतो, ‘कालचे धुतलेले आहेत, मध्ये काय घडलं याचा पुरावा द्या.’ तिघं भावंडं आजोबांकडे राहतात आणि आजोबांना ऐकू येत नाही. म्हणजे हा घरी दिवसभर युक्तिवाद करतो आणि निकालच लागत नाही. आमच्याकडे येऊन सगळे खटले चालवतो.

आणि चावणारी ती मुंगी. आठ वर्षांची, काडीसारखी, बोलत नाही. काही विचारलं तर भिंतीकडे बघते. जवळ गेलं तर चावते. शिट्टीताईच्या मनगटाला चावली, माझ्या अंगठ्याला चावली. वकिलाला चावली तेव्हा मात्र तो बराच वेळ गप्प बसला, म्हणून मी तिला लगेच रागावले नाही.

तर या माझ्या घुशी. बारा-तेरा आहेत. औषध घातलं होतं असं मी लिहिलं नव्हतं, ‘बंदोबस्त चालू आहे’ असं लिहिलं होतं. तो चालूच आहे.

तुझी ताई

ता. क. इंजेक्शनचं राहिलं. अंगठा बरा आहे, पण विचार.


२१ सप्टेंबर

धाकट्या,

तुझा अपूर्णांकांचा कागद भिंतीवर लावलाय. ‘लहान पेला आणि मोठा पेला एकत्र मोजता येत नाहीत. आधी दोन्हीकडचं पाणी एकाच मापाच्या पेल्यात ओता, मग मोजा.’ शिट्टीताईने ते वाचलं आणि खरोखरचे पेले आणले. गॅरेजभर पाणी झालं, पण मुलांना समजलं. वकिलाने हरकत घेतली की ओतताना सांडलेल्या पाण्याचा हिशेब उत्तरात का नाही. याचं उत्तर तू द्यावंस अशी त्याची विनंती आहे. हे पेलेवाले काका कोण, असं सगळे विचारतात. मी सांगितलं, माझा भाऊ आहे, लांब असतो. ‘भांडण झालंय का?’ वकिलाने विचारलं. मी म्हटलं, ‘तुला काय करायचंय?’ तो म्हणाला, ‘म्हणजे झालंय.’

मुंगीची गंमत सांगते. एकदा दोन पोरींनी तिची पेन्सिल घेतली. ती दात दाखवू लागली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी आपल्या जुन्या गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, ‘बस इथे. चालकाच्या जागेवर.’ बसली. मी शेजारी बसले, शिकवताना बसायचे तशी, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून. म्हटलं, ‘आता गाडी चौथ्या गिअरमध्ये सुसाट सुटलीय. एकदम थांबवलीस तर उलटेल. क्लच दाब. खालच्या गिअरला आण. आणखी खाली. आता न्यूट्रल.’ तिचे पाय काही क्लचपर्यंत पोचेनात. ती सीटवरून घसरून जवळजवळ खालीच गेली, पण दाबला. गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. न्यूट्रलला आली आणि एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

मी शिट्टीताईला मोठ्या रुबाबात हे सांगितलं. ती म्हणाली, ‘हो आजी, आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात. फक्त आमच्याकडे गाडी नव्हती.’ माझी हवाच गेली.

आता जो तो चिडला की गाडीत जातो. ‘मी न्यूट्रलला चाललोय’ असं म्हणायचं आणि जायचं. दार आतून लावायचं, तोवर बाहेरच्याने बोलायचं नाही, हा नियम. वकिलाने अर्थातच पळवाट काढली. गणिताची वही उघडली की म्हणतो, ‘मला राग आलाय.’ कोणाचा? ‘गणिताचा.’ आणि पूर्ण तास गाडीत बसून हॉर्न वाजवतो. हॉर्न वाजत नाही म्हणून तो तोंडाने वाजवतो.

मुंगी मात्र गाडीतच वाचायला शिकतेय. अक्षर ओळखलं की काचेवर बोटाने काढून दाखवते. काल ती पहिल्यांदा बोलली. मी मागच्या सीटवर चष्मा शोधत होते. ती आरशात बघून म्हणाली, ‘पट्टा लावा.’

तू विचारलंस, सदर मालमत्ता रिकामी कधी होणार. विचार करून सांगते. तुझ्या बायकोला कळव, अंगठा पूर्ण बरा झाला.

ताई


५ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझ्या दलालाने आज्ञा मोडून गिऱ्हाईक आणलं आणि गिऱ्हाइकाला मुंगी चावली. हे तुझ्या कानावर त्याच्याकडून तिखटमीठ लावून आलं असेल. आता साधं ऐक.

गिऱ्हाईक म्हणजे चौकातले टायरवाले. त्यांना गोदाम हवंय. माणूस आडवा-तिडवा, आवाज घाटात ट्रक चढावा तसा. न कळवता आले. मी वर होते. शिट्टीताईने त्यांना थांबवलं, पण दलालाने आत घुसून फीत लावून भिंती मोजायला घेतल्या. टायरवाल्यांना गाडी दिसली. टायरचा माणूस, गाडी दिसली की दार उघडणार. मुंगी आत न्यूट्रलला बसली होती. त्यांनी दार खसकन ओढलं, ‘ए पोरी, बाहेर ये, बघू दे जरा,’ म्हणून तिचा दंड धरला.

ती त्यांच्या हाताला अशी चावली की मला वर वाटलं खरंच हॉर्न सुरू झाला. खाली येऊन बघते तर टायरवाले गोल गोल फिरताहेत, दलाल टेबलावर चढून बसलाय, आणि वकील त्याला खालून विचारतोय, ‘तुम्ही आत येण्याची परवानगी घेतली होती का? लेखी की तोंडी?’

मला हसू आलं, हे खरं. पण हसू टिकलं नाही. टायरवाल्यांनी संस्थेत तक्रार केली. संस्थेने शिट्टीताईला कळवलं की चौकशी होईपर्यंत या मुलीला केंद्रावर घेऊ नये. शिट्टीताई रडायची बाकी होती. म्हणाली, ‘त्यांचंही बरोबर आहे, आजी. उद्या ती दुसऱ्या मुलाला चावली तर?’ 

संध्याकाळी मुंगीची आई कामावरून परस्पर आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात दुपारपाळी करते. चादरी धुऊन धुऊन तिची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. उभीच राहिली. मी ‘बस’ म्हटलं तरी बसेना.

‘तिला काढू नका,’ म्हणाली. ‘ठेवायला दुसरी जागा नाही. बाहेरून कुलूप लावून जावं लागेल.’

‘पण ती चावते का गं अशी?’ मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, ‘सगळ्यांना नाही. आधी जवळ आलेल्या कोणालाही चावायची, तुमच्याकडे आल्यापासून कमी झालंय. पण दार कोणी ओढून उघडलं की तिला काही सुचत नाही. आम्ही ज्या घरातून निघून आलो तिथे रोज दार तसंच उघडायचं.’

मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

धाकट्या, मी आयुष्यात खूप माणसांना शेजारी बसवून म्हटलंय, ‘घाबरू नको, माझ्याकडेही ब्रेक आहे.’ त्या बाईला असं काय सांगणार होते? माझ्या तोंडून निघालं ते असं : ‘संस्थेने तिला केंद्रावर यायला बंदी केलीय. केंद्र खाली गॅरेजात आहे. माझं स्वयंपाकघर वर आहे. तिथे कोण येतं हे संस्था ठरवत नाही. उद्यापासून तिला वर पाठव.’

वकिलाने ही पळवाट ऐकली आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं.

ताई


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

आधी माझी अवस्था सांगते. मुंगी वर येऊ लागली. दुसऱ्या दिवशी वकील आला, ‘अशिलाला भेटायला’. मग त्याची भावंडं, मग पेन्सिल घेणाऱ्या त्या दोघी, ‘हिलाच का वर?’ म्हणून. आता खालचं केंद्र जवळजवळ रिकामं, आणि माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. माझ्या सोफ्यावर पाढे चालतात. ओट्याखाली एक वाचनालय निघालंय. काल मला माझ्याच न्हाणीघराबाहेर रांगेत उभं राहावं लागलं.

आणि अशा गोंधळात तुझ्या बायकोचा फोन आला. इंजेक्शनचं सांगायला म्हणून. ‘कातडी फाटली असेल तर दाखवून घ्यायला हवं होतं,’ एवढं म्हणाली आणि थांबली. मी विचारलं, ‘धाकटा कसा आहे?’ ती म्हणाली, ‘घरीच असतात.’ मी म्हटलं, ‘रजेवर?’ आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं तिने.

अरे, कारखाना बंद पडून इतके महिने झाले, आणि तू चार पानांत ‘सदर मालमत्ता’, ‘सदर महिला’ लिहिलंस, पण ‘ताई, काम गेलं’ हे तीन शब्द तुला कुठेच घालता आले नाहीत? आणि सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचंय हेही मला तिच्याकडून कळावं? ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा मुलगा, चार वेळा चाचणी देऊन लायसन्स न मिळालेला, सायकलींचं दुकान काढणार. बाबा असते तर तोंड धरून हसले असते, आणि मग गपचूप सगळी हत्यारं तुला पाठवली असती. 

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. काहीतरी झालंय हे मुलांना कळलं. मुंगीने माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला आणि गेली.

मग मी ठरवलं. गॅरेज विकायचं.

पण विकायचं तर टायरवाल्यांनाच, कारण दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि त्यांचा हात अजून बांधलेला. मी मुंगीला विचारलं, ‘माफी मागायला येशील?’ ती भिंतीकडे बघत राहिली, पण चप्पल घातली. वकील न बोलावता आला.

दुकानात टायरांच्या थप्प्यांमध्ये टायरवाले बसले होते. मुंगीला बघून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. एवढा मोठा माणूस! मी बोलायला तोंड उघडलं, तर मुंगीच बोलली.

‘दुखतं?’

‘आता नाही,’ टायरवाले म्हणाले. त्या आवाजाला एवढं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

‘मी परत नाही चावणार. पण तुम्ही दार वाजवायचं.’

टायरवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, ‘अट योग्य आहे.’

मग त्या माणसाने काय केलं असेल? उठला, स्वतःच्याच दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, आणि स्वतःच्याच पत्र्याच्या दारावर दोनदा टकटक केलं. रस्त्यावरची माणसं बघताहेत. ‘येऊ का आत?’

मुंगीने चांगलाच विचार केला. मला तर वाटलं नाही म्हणते की काय आता.

‘या,’ ती म्हणाली.

तक्रार त्यांनी त्याच दिवशी मागे घेतली. किंमत मात्र एका पैशानेही वाढवली नाही. ‘बाई, पोर गोड आहे, पण व्यवहार तो व्यवहार,’ म्हणाले. मला आवडलं ते. दया दाखवणाऱ्या माणसाला सही देताना हात जड होतो.

संस्थेचे लोक येऊन माझं घर बघून गेले. खिडक्यांना जाळ्या बसवा, गॅस उंचावर घ्या, औषधं कुलपात ठेवा, असं बरंच सांगून गेले, आणि आता केंद्राचा पत्ता माझाच झालाय. शिट्टीताई म्हणाली, ‘आजी, आठवडाभर चालेल ना?’ मी तिला घराबाहेर काढलं. ती मागच्या दाराने परत आली.

तर कागद तयार कर. पण सही पोस्टाने करणार नाही. तू ये. सदर महिला तुला एकदा नीट बघणार आहे.

ताई


२९ नोव्हेंबर

धाकट्या,

नीट पोचल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. तू स्वतः कळवलं नाहीस, पण या वेळी मी त्याचं वाईट वाटून घेणार नाही. तुझे हात दुकानाच्या रंगात असणार.

तू आलास तेव्हा बारीक झाला होतास. केस कुठे गेले? मी दारातच विचारणार होते, पण जीभ आवरली. तूही मला बघून काहीतरी गिळलंस. नोंदणी कार्यालयात आपण बाकावर दोन टोकांना बसलो. मध्ये तो दलाल, दोन देशांमधल्या कुंपणासारखा. सह्या झाल्या आणि तू म्हणालास, ‘उद्या निघतो.’ मी म्हटलं, ‘तुझी मर्जी.’ आपल्या घरात हट्ट वाटायला कधी कमी पडला नाही.

आणि चार वाजले. बारा-तेरा जण माझ्या दारातून आत आले. तू गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहिलास. ते मी स्वयंपाकघरातून बघत होते. वकील तुझ्या मागे जाऊन उभा राहिला. ‘पेलेवाले काका तुम्हीच का?’ तू ‘हो’ म्हणालास. ‘सांडलेल्या पाण्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.’

तू खाली बसून त्याला समजावू लागलास. तो काही ऐकेना. तुम्ही दोघं अंधार पडेपर्यंत भांडलात. दुसऱ्या दिवशी तू गेला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी गादी काढली. मग तीन आठवडे माझ्या घरात एक पेलेकाका होता आणि एकही अपूर्णांक सुटायचा राहिला नाही. मुंगीने तुला तिचं वाचन ऐकवलं. मला ती अजूनही पुरतं वाचून दाखवत नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

आपण दोघं काही फार बोललो नाही. तू वकिलामार्फत का लिहिलंस ते मी विचारलं नाही, आणि बाबा गेले तेव्हाचं भांडण तूही काढलं नाहीस. पण रोज शेजारी शेजारी उभं राहून केळी सोलली. मला तेवढ्याने पुष्कळ झालं. तुझं मला माहीत नाही. तू घरी गेल्यावर तुझी बायको म्हणाली, ‘हे जेवताना बोलतात आता.’

इकडची खबर. टायरवाल्यांनी गॅरेज टायरांनी भरलंय. गाडी भंगारात काढवेना म्हणून अंगणात पत्र्याखाली उभी केलीय. पोरं तिच्यात बसलेली असली की ते काचेवर टकटक करून मगच पुढे जातात. शिट्टीताई चाचणीत पुन्हा नापास. मागे घेताना टायरवाल्यांच्या फाटकाला लागली. त्यांनी फाटकाचं बिल तिला दिलं आणि चहाही पाजला. मला त्यात वेगळाच वास येतोय. पुढे काय होतं ते बघू.

आता जे लिहायला बसले ते.

तू गेल्यापासून मुंगी रोज जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते. अभ्यास तिथेच, खाऊ तिथेच. मी दोन दिवस बोलले नाही. काल शेजारी जाऊन बसले. म्हटलं, ‘काका गेले गं. त्यांचं घर लांब आहे.’

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘मला सांगून गेले.’

‘मग इथे का बसतेस?’

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी बेरीज येत नाही. मग हळूहळू समजावलं, तू वकिलाला समजावायचास तसं.

‘आजी, मी आणि आई त्या घरातून निघालो ना, तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. कारण परत जायचंच नव्हतं. काका सगळ्यांना सांगून गेले. एकेकाला. म्हणजे ते परत येणार.’

मला एकदम पदर डोळ्यांना लावावा लागला आणि ती म्हणाली, ‘कांदा कापत होता का?’ मी म्हटलं, ‘हो.’ मग तिने पुन्हा विचारलं, ‘येणार ना?’

मी तिला ‘हो’ म्हणून बसले आहे. दुकानाचं बस्तान बसलं की ये. मला त्या पोरीसमोर खोटं पाडू नकोस.

तुझी ताई